मुके ड्रम

गार्बिसनं खाली वाकून रबरी चकतीवर मधल्या बोटानं टिचकी मारली, कलिंगड पिकलंय का पाहावं तशी, आणि कान जवळ नेला.

"कच्चं आहे," तो म्हणाला.

"बोटानं कसलं बघतोस? काठी घे की," मिहराननं काउंटरमागून एक जोडी पुढं केली. "चाळीस वर्षं ड्रम बडवले आणि आता टिचक्या मारतोय."

गार्बिसची बायको सिरवार्त दुकानाच्या दाराशी एका खोक्यावर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. मिहरानचं दुकान बुर्ज हम्मूदच्या अर्मेनियन वस्तीत, सोनारांच्या गल्लीच्या टोकाला होतं. बाहेर डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं, आणि आत छतापर्यंत टांगलेल्या गिटारी. मिहरान पूर्वी गार्बिसच्याच वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवायचा. लग्नांच्या हॉलमधून दोघं बरोबरच म्हातारे झाले होते.

गार्बिसनं काठ्या घेतल्या, पण रबराकडे न जाता तो सरळ कोपऱ्यातल्या दुसऱ्या ड्रमसेटकडे गेला. तो खरा होता, लाकडाचा, गडद डाळिंबी रंगाचा. त्याच्या कडेवर हात ठेवून तो नुसता उभा राहिला. गावाकडचं कुणी अचानक रस्त्यात भेटावं तसा.

"हा विकायचा नाही का?"

"विकायचाय. तुला नाही विकणार."

"का?"

"तुझ्या डॉक्टरला मी ओळखत नाही," मिहरान म्हणाला, "पण तुझ्या बायकोला ओळखतो."

सिरवार्तनं पर्स दुसऱ्या मांडीवर घेतली. महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं की कानाच्या आतलं जे गेलं ते गेलं, ते परत येत नाही. उरलंय तेवढं सांभाळायचं असेल तर हे ड्रम बंद. गार्बिसला दारावरची घंटा ऐकू येत नव्हती. फोनवर लेकीचं, नाईरीचं बोलणं कळायचं, नातीचं कळायचं नाही. पोरीचा आवाज बारीक होता. त्या दिवशी घरी येऊन त्यानं काठ्या खणात टाकल्या, ड्रमवर चादर घातली आणि गॅलरीत जाऊन बसला. त्यानं आदळआपट केली असती, डॉक्टरच्या नावानं खडे फोडले असते, तर सिरवार्तला बरं वाटलं असतं. पण तो नुसता बसायचा. जेवायला हाक मारली की यायचा, मीठ कमी असलं तरी जेवायचा. दुपारी त्याच्या वाजवण्याच्या वेळेला त्याची बोटं कठड्यावर हलायला लागायची, मग त्याच्या लक्षात यायचं आणि तो ती मुठीत घ्यायचा.

त्या ड्रमांशी सिरवार्तचं जन्माचं वैर होतं. त्यांच्यापायी तिच्या कपाटातली काचेची भांडी फुटली होती, शेजारणी तुटल्या होत्या, आणि डोकं तर किती वेळा उठलं त्याला गणतीच नाही. पण ती मूठ तिला बघवेना. मिहरानला फोन तिनंच केला होता.

"ये इकडं," मिहरान गार्बिसला म्हणाला. "हे दोन आहेत, विजेवरचे, आवाज फक्त कानात. हा रबराचा, हा जाळीचा. बस आणि वाजव."

गार्बिस रबरवाल्यावर बसला. काठी पडली की चेंडूसारखी उसळायची, त्याच्या मनगटाला हिसका बसायचा. थोड्या वेळानं त्यानं मनगट चोळलं.

"आणि ह्या झांजा? हे तर बुटांचे तळवे आहेत. माझ्या बापानं जन्मभर असलेच तळवे कापले, मिहरान. जगाला झांजा करून कुणी दिल्या? आपल्या लोकांनी. आणि मी आता रबर वाजवू?"

"भाषण नंतर दे. जाळीवाल्यावर बस."

जाळीवाल्यावर कातड्याच्या जागी दुपदरी पांढरी जाळी ताणलेली होती. गार्बिसनं किल्ली मागून घेतली, एकेक स्क्रू थोडा सैल केला आणि हलक्या हातानं काठ्या सोडल्या. काठी जाळीत किंचित रुतायची आणि मग परत यायची. त्यानं पुन्हा सोडल्या. मग बारीक, सलग, फुलबाजी पेटावी तशा.

"हिला निदान लाज आहे," तो म्हणाला. "हात लावला की जरा मागं सरते."

"म्हाताऱ्या, बायको बसलीये तिथं."

"तिला ठाऊक आहे मी कसा आहे ते."

मिहराननं त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले आणि बाजूच्या काळ्या डब्याची बटणं फिरवायला लागला. या डब्यातच सगळी करामत, तो सिरवार्तला सांगत होता, यात शंभर प्रकारचे ड्रम भरलेत, जाझचे, रॉकचे, मोठ्या हॉलचे, छोट्या खोलीचे. गार्बिसनं एक कान मोकळा केला.

"शंभर कशाला? मला एकच पाहिजे. माझ्यासारखा."

मिहराननं शोधत शोधत एक लावला. गार्बिस वाजवायला लागला. दुकानात ऐकू येत होती नुसती टकटक. सिरवार्तनं त्याच्या हातांकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या मानेकडे बघत होती. थोड्या वेळानं ती उठली, पर्समधून नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली काढली आणि मिहरानला म्हणाली, "आवाज कुठपर्यंत चालेल? ते बटण दाखव." मिहराननं दाखवलं. तिनं तिथं एक लाल ठिपका दिला आणि त्याच्यावर फुंकर घातली.

"याच्यापुढं गेलास तर बघ," ती गार्बिसला म्हणाली.

त्यानं हेडफोन काढले. "काय?"

"काही नाही. हाच घ्यायचा. जाळीचा."

"तुला काय कळतं गं ड्रममधलं?"

"ड्रममधलं नाही कळत. तुझी मान कळते. रबरावर हलत नव्हती."

मिहरान मोठ्यानं हसला. गार्बिस हसला नाही, पण किल्ली त्यानं स्वतःच्या खिशात टाकली.

जुना ड्रमसेट मिहराननं बदल्यात घेतला. त्यांच्या इमारतीचा जिना अरुंद, लिफ्ट असून नसल्यासारखी, म्हणून सामान दोरानं गॅलरीतूनच उतरवलं. शेवटी मोठा ड्रम उरला. त्याला दोर बांधताना गार्बिसनं तीनदा गाठ सोडली आणि बांधली. मग तो गोल, ढेरपोट्या ड्रम वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून, तारा चुकवत हळूहळू खाली गेला. समोरच्या गॅलरीत पालेभाजी निवडत बसलेली उम्म एलियास, म्हणजे एलियासची आई, उठून कठड्याशी आली.

"उम्म नाईरी! हाकललंस का एकदाचं सवतीला?"

"हाकललं!" सिरवार्त ओरडली. "आता तुझ्या नवऱ्याचं घोरणं ऐकू येईल मला!"

"त्यालाही बांध की दोरानं, जागा आहे टेम्पोत!"

खाली हमाल हसत होते. गार्बिस दोर हातात धरून खाली बघत होता, दोर सैल पडला तरी. झांजा मात्र त्यानं दिल्या नाहीत. त्या जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळून पलंगाखाली सरकवल्या. सिरवार्तनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

नवा ड्रमसेट मागच्या खोलीत उभा राहिला. नळ्यांचा सांगाडा, त्यावर पांढऱ्या जाळ्या, सगळीकडून वायरी लोंबतायत. पहिल्या दुपारी गार्बिस हेडफोन घालून बसला आणि सिरवार्त स्वयंपाकघरात मांतेची कणीक लाटायला बसली. खिमा भरून बोटाच्या पेराएवढ्या होड्या वळायच्या, हे तासाभराचं काम. मागून टकटक येत होती, कुणी लाकडी पाटावर भराभर पार्सली चिरतंय असं वाटावं. काचेची भांडी हलत नव्हती. तिनं उगाचच दोनदा कपाटाकडे बघितलं.

टकटक एकदम थांबली. फ्रीजची घरघरही थांबली.

"गेला!" गार्बिस आतून ओरडला. "माझा ड्रम मेला!"

ती गेली तर तो हेडफोन हातात धरून बसला होता.

"वीज गेलीये. येईल जनरेटरची."

"लग्नात असं झालं असतं तर? जगात कुठं ऐकलंयस, की सरकारनं बटण बंद केलं आणि ड्रमनं मान टाकली? हॉलमध्ये दिवे गेले ना, सिरो, तेव्हा सगळे बंद पडायचे, मिहरानचा कीबोर्ड, माईक, सगळं. मी एकटा वाजवत राहायचो. अंधारात लोक माझ्यावर नाचायचे." त्यानं काठ्या गुडघ्यावर ठेवल्या. "राहू दे. नको मला हे."

तो पुन्हा गॅलरीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सिरवार्तनं बैठकीच्या खोलीतली बॅटरी ओढत ओढत मागच्या खोलीत नेली. त्या बॅटरीवर तिचा टीव्ही चालायचा. वीज नसली तरी संध्याकाळची मालिका चुकू नये म्हणून तिनं ती खास बसवून घेतली होती. तिनं ड्रमच्या डब्याची वायर तिच्यात खुपसली आणि गॅलरीत येऊन उभी राहिली.

"आता सरकार गेलं तरी तुझा ड्रम जाणार नाही. ऊठ."

"आणि तुझी मालिका?"

"तिच्यातली ती सून अजून दोन वर्षं रडणारच आहे. मला तोंडपाठ आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग उठला.

त्यानंतर तो रोज वाजवायला लागला, दुपारच्या झोपेनंतर, पूर्वीच्याच वेळेला. सिरवार्तला घराची सवय नव्यानं करावी लागली. कधी नळ ठिबकतोय ते ऐकू यायचं, कधी खालच्या चांभाराचा हातोडा, कधी कबुतरांचं घुमणं. एकदा ती भांडी पुसत होती आणि मागच्या खोलीतून तिला हाक आल्यासारखी वाटली. ती हात पुसत दाराशी गेली. दार अर्धवट लोटलेलं होतं. गार्बिसची पाठ दाराकडे होती, कानांवर हेडफोन. आणि तो गात होता.

सिरवार्त तशीच उभी राहिली. या माणसाला तिनं गाताना कधी ऐकलं नव्हतं. चर्चमध्येसुद्धा तो ओठ हलवायचा नुसते. आणि इथं तो पोटातून गात होता, भसाड्या आवाजात, सूर वाटेल तिकडे भरकटत होता, पण ठेका कुठं म्हणून सुटत नव्हता. स्वतःचा आवाज त्याला ऐकूच येत नव्हता. बहुतेक कधीच आला नसावा. खऱ्या ड्रमांखाली तो आवाज इतकी वर्षं दडून राहिला होता, त्याच्यापासूनही आणि तिच्यापासूनही.

तिला हसू आलं. उम्म एलियासला हे सांगायलाच हवं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात गाणं थांबलं आणि तो बोलायला लागला. हात चालूच होते.

"होव्सेप, क्लॅरिनेट जरा मागं घे. पुढं म्हाताऱ्या बसल्यात." टकटक, टकटक. "मिहरान, झोपलास का? उचल, उचल. नवऱ्याचा बाप नाचायला आला बघ. सावकाश. गुडघे दुखतात त्याचे. हां. अस्सं."

होव्सेपला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्याच्या मयताचा स्वयंपाक सिरवार्तनंच केला होता.

तिचं हसू मावळलं. हातात फडकं होतं ते तिनं उगाच घडी करायला घेतलं. आत गार्बिसनं ठेका बदलला होता. आता तो संथ वाजवत होता, ती जोडप्यांच्या नाचाची लय असावी.

"आली का?" तो म्हणाला. "आली. सिरो, तिथं नको, थंड वारा येतो दारातून. पुढच्या टेबलावर बस. कोट काढ." हात हलके झाले. "होव्सेप, हे तिच्यासाठी. नीट वाजव."

सिरवार्त हॉलमध्ये शेवटची गेली होती ती नाईरी पोटात असताना. नंतर मूल, मग डोकेदुखी, मग कंटाळा. काही वर्षं गार्बिस शनिवारी टायची गाठ मारताना आरशातून विचारायचा, येतेस का? ती म्हणायची, त्या गोंगाटात? मग कधीतरी त्यानं विचारायचं सोडलं. कधी, ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

घडी पुन्हा पुन्हा चुरगळत होती. ती पावलं न वाजवता स्वयंपाकघरात परत आली, आणि धुतलेला एक पेला तिनं परत धुतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती केस विंचरून, निळा ब्लाऊज घालून मागच्या खोलीत गेली. खुर्ची नेली आणि ड्रमच्या पुढ्यात बसली. गार्बिसनं हेडफोन काढले.

"काय गं? कुठं जायचंय?"

"कुठं नाही. वाजव तू."

"तुला काय ऐकू येणार? नुसती टकटक."

"ऐकते टकटक."

त्यानं खांदे उडवले आणि वाजवायला लागला. पण त्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. मधूनच तो तिच्याकडे बघायचा, ओशाळं हसायचा, आणि एकदा तर त्याची काठी जाळीऐवजी कडेवरच आपटली. लग्नाआधी तिच्या बापासमोर कॉफी प्यायला बसलेला गार्बिस तिला आठवला. तेव्हाही त्यानं कप असाच बशीवर आपटला होता. थोडा वेळ ती बसली, मग उठली.

"गॅसवर डाळ आहे," ती म्हणाली.

गॅसवर काहीच नव्हतं. ती दाराबाहेर आली, बोळातल्या बुटांच्या कपाटावरची उशी घेतली आणि भिंतीला पाठ लावून खाली जमिनीवर बसली. गुडघे करकरले. आत बराच वेळ नुसती टकटक होती. मग हळूहळू, आधी घशात, मग मोकळं, गाणं सुरू झालं.

तेव्हापासून ती रोज तिथं बसायला लागली. निवडायची भाजी घ्यायची, नाहीतर शिवण. नाईरीचा फोन आला की ती कुजबुजत बोलायची. "आई, आवाज का बारीक केलायस? बाबा झोपलेत का?" नाईरी विचारायची. "नाही गं, वाजवतायत," ती म्हणायची. "म्हणूनच."

सगळीच लग्नं नसायची. कधी तो मिहरानशी भांडायचा, कधी कुण्या हॉलच्या मालकाला शिव्या द्यायचा, अशा की सिरवार्त तोंडात पदराचं टोक कोंबावं तसा ॲप्रनचा कोपरा कोंबायची. युद्धाच्या दिवसांतलं एक लग्नही होतं, तळघरातलं. तेव्हा तो फार कमी बोलायचा आणि फार हळू वाजवायचा. आणि पुढच्या टेबलावर ती कधी यायची, कधी नाही. न येण्याच्या दिवशी तो कुरकुर करत नसे. "दमली असेल," असं होव्सेपला सांगायचा आणि पुढचं गाणं घ्यायचा.

मिहरान एका रविवारी जेवायला आला, काखेत एक खोकं घेऊन. गार्बिसच्या डोळ्यांत चमक होती. दोघांचं आधीच काहीतरी ठरलेलं दिसत होतं. जेवण झालं, कॉफी झाली, तेव्हा मिहराननं खोकं उघडून टेबलावर एक छोटा स्पीकर ठेवला.

"दिगिन सिरवार्त," तो म्हणाला. थट्टेत असला की तो तिला असं बाईसाहेब म्हणायचा. "नवरा तुझा माझ्या मागं लागलाय. म्हणतो, ती बिचारी समोर येऊन बसली होती एकदा, टकटक ऐकत. तिच्यासाठी काहीतरी कर. हा जोडायचा, हेडफोन काढायचे. डॉक्टरनं सांगितलं तेवढाच आवाज, खोलीबाहेर जाणार नाही. पण तुला सगळं ऐकू येईल. झांजसुद्धा."

गार्बिस साखरेच्या भांड्याचं झाकण फिरवत होता आणि तिच्याकडे बघत होता.

सिरवार्तनं स्पीकर उचलला. हलका होता. तिनं तो उलटा करून पाहिला, सुलटा केला आणि गार्बिसच्या समोर ठेवला. स्पीकर लागला की त्याला सगळं ऐकू येणार होतं. खोली, खुर्ची, स्वतःचा घसा.

"रविवारी लावत जा," ती म्हणाली. "मिहरान जेवायला येईल तेव्हा. त्याचा कीबोर्डही आणू दे. मी खुर्ची घेऊन पुढं बसेन, नीट ऐकेन."

"आणि बाकीचे दिवस?" गार्बिसनं विचारलं.

"बाकीचे दिवस हेडफोनच बरे. जन्मात पहिल्यांदा या घरात शांतता आलीये, गार्बिस. तेवढं सुख राहू दे की मला."

मिहरान टेबलावर हात आपटून हसला. "बघ! म्हटलं नव्हतं तुला? बाई बदलत नसते!"

गार्बिसही हसला, थोडा उशिरानं. "रविवार तर रविवार," तो म्हणाला, आणि स्पीकर घेऊन मिहरानबरोबर मागच्या खोलीत गेला. त्या दिवशी सिरवार्त निळा ब्लाऊज घालून पुढं बसली. ड्रम खरंच छान वाजत होते. तिनं टाळ्या वाजवल्या, आणि गार्बिसनं बसल्या जागी मान लववली.

सोमवारी दुपारी तो झोपून उठला, तोंड धुतलं आणि आत गेला. वायर निघाल्याचा, हेडफोन डोक्यावर बसल्याचा आवाज आला. सिरवार्तनं पार्सलीची जुडी आणि परात घेतली, बोळात उशी टाकली, आणि पाय पसरून बसली.

"होव्सेप," आतून आवाज आला, "ती काल आली होती बरं का. खरंच आली होती."